सहा आठवड्यांचा शेजार

माननीय डॅलिन ओक्स,
अध्यक्ष, द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स,
सॉल्ट लेक सिटी, युटा



मी तुमच्या चर्चची सभासद नाही आणि होण्याचा बेतही नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पत्र वाचताना तुम्ही उगीच त्या आशेवर राहायला नको. मी मूळची पुण्याची. पुण्यात बऱ्याच जणांना जपानी शिकायचं वेड लागतं तसं मलाही लागलं. त्या जोरावर टोकियोत येऊन भाषांतराची कामं करते आणि एदोगावा वॉर्डातल्या निशी-कासाईत राहते. स्टेशनाबाहेर जरा वेळ उभं राहिलं की इथं मराठी कानावर पडतं. तेलुगू-तमिळ तर त्याहून लवकर. आमच्या वसाहतीत तुमची मुलं येतात. पांढरा सदरा, टाय, छातीवर काळी पाटी, पाठीवर सॅक. सायकली खाली जिन्याशी लावलेल्या, हँडलला हेल्मेटं अडकवलेली. मुलीही येतात. त्यांच्या येण्याला माझी हरकत नाही. इथं जरा रुळली की त्यांना ज्या पद्धतीनं उचलून दुसरीकडे नेलं जातं, तिच्याबद्दल मला बोलायचं आहे.

पत्र मराठीत लिहिते आहे. दिवसभर दुसऱ्यांचे कागद एका भाषेतून दुसरीत नेते. स्वतःचं गाऱ्हाणं तरी आपल्या भाषेत मांडावं आणि चार मराठी माणसांनीही ते ऐकावं असं वाटलं. भाषांतराची सोय तुमच्याकडे भरपूर आहे. आणखी एक. तुमच्या आधीचे अध्यक्ष रसेल नेल्सन यांनी 2018 मध्ये सांगितलं होतं की आम्हाला 'मॉर्मन' म्हणू नका, पूर्ण नाव घ्या. पण मराठी वाचकाला तुमची ओळख पटते ती त्याच नावानं, म्हणून ते इथं एकदा घेतलं. पुढे घेणार नाही.

आता तुम्हाला पाठ असलेलं थोडं माझ्या वाचकांसाठी. मुलगा 18 वर्षांचा झाला की धर्मप्रसाराच्या मिशनसाठी अर्ज करू शकतो. 2012 पर्यंत त्याला 19 पूर्ण व्हावी लागत. कुठं जायचं हे त्यानं ठरवायचं नाही. सॉल्ट लेकहून ऑनलाइन पत्र येतं, ते उघडायला अख्खं घर जमतं, आणि त्यात ब्राझील निघतं, घाना निघतं, फिलिपिन्स निघतं, नाहीतर जपान. मुलांनी 24 महिने राबायचं, मुलींनी 18. पगार शून्य. उलट अमेरिकेतल्या घरानं महिन्याला 500 डॉलर भरायचे, मग मुलगा स्वस्ताईच्या देशात जावो की टोकियोत. 2020 च्या मध्यापर्यंत हा आकडा 400 होता. तुमचे कोट्यवधींचे समभाग वेगवेगळ्या कंपन्यांच्या नावावर दाखवले म्हणून 2023 मध्ये अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकानं चर्च आणि चर्चची गुंतवणूक संस्था यांच्याकडून मिळून 50 लाख डॉलर दंड वसूल केला. एवढी पुंजी गाठीशी असताना कुणा सुताराकडून किंवा शिक्षिकेकडून दरमहा 500 डॉलर घ्यावेत, हे मला काही पटत नाही. पण तो जाब तुमच्या सभासदांनी विचारायचा. मी शेजारीण आहे, मी शेजाराबद्दल बोलते.

माझा मुलगा याच वयाचा. अंडं उकडायला ठेवून तो विसरून जातो. त्याच्याच वयाचा तुमचा मुलगा प्रोव्होच्या प्रशिक्षण केंद्रात काही आठवडे जपानी घोकतो आणि विमानातून उतरला की दुसऱ्या दिवशी अनोळखी माणसाच्या दाराशी जाऊन देव, मरण आणि मरणानंतरचं बोलायला लागतो. दिवस बांधलेला. सकाळी 6:30 ला उठायचं, व्यायाम, न्याहारी, मग एकट्यानं वाचन, जोडीदाराबरोबर वाचन, भाषेचा अभ्यास, मग बाहेर. रात्री 10:30 ला दिवा बंद. 2017 पासून त्यात देशपरत्वे थोडं मागंपुढं करता येतं म्हणे. सिनेमा नाही, टीव्ही नाही, प्रेमबीम नाही. जोडीदार सतत नजरेच्या आणि हाकेच्या टप्प्यात हवा, आणि तो आपण निवडायचा नाही. आयडाहोतला शेतकऱ्याचा मुलगा आणि टोंगाचा रग्बीवाला एका खोलीत गादीला गादी लावून झोपतात, एकाचं घोरणं दुसऱ्यानं ऐकायचं. लग्नाच्या नवराबायकोलाही एकमेकांचा इतका सहवास घडत नाही. सोमवारी सुट्टी, पण ती कपडे धुण्यात, केस कापण्यात आणि शंभर येनच्या दुकानातून पास्ता-अंडी आणण्यात जाते. घरच्यांशी बोलायची परवानगी पूर्वी वर्षातून दोनदाच होती, नाताळला आणि मातृदिनाला. फेब्रुवारी 2019 पासून दर आठवड्याला फोन करता येतो. या सुधारणेबद्दल आयांच्या वतीनं आभार मानते. हे आधीच का सुचलं नाही, ते विचारत नाही.

जपानचं दार कसं असतं हे तुम्हाला ऐकून ठाऊक असेल. बेल दाबली की दार उघडत नाही. भिंतीतला छोटा कॅमेरा उघडतो. आतल्या बाईला पडद्यावर दोन सदरे आणि दोन पाट्या दिसतात आणि ती इतक्या मऊ आवाजात नको म्हणते की नव्या मुलाला तो होकारच वाटतो. तो बिचारा आणखी थोडा वेळ हसत थांबतो. त्या बाईचं घाबरणं उगीच नाही. 1995 च्या मार्चमध्ये ओम् शिनरिक्यो पंथाच्या लोकांनी इथल्या भुयारी रेल्वेत सारिन वायू सोडला. त्यानंतर घरी येऊन धर्माबद्दल बोलणाऱ्या कुणाशीही इथली माणसं सावधपणे वागू लागली. 2022 मध्ये माजी पंतप्रधान शिंझो आबे यांच्यावर गोळ्या झाडणाऱ्याच्या आईनं युनिफिकेशन चर्चला घरादाराची पुंजी देऊन टाकली होती, हे बाहेर आलं. मार्च 2025 मध्ये टोकियोच्या जिल्हा न्यायालयानं त्या चर्चच्या विसर्जनाचा आदेश दिला. तुमचं चर्च वेगळं, हे मला कळतं. पण कॅमेऱ्यातून पाहणाऱ्या बाईला तो फरक दिसायचा कसा? त्यात तुमच्या शिकवणीत उत्पन्नाचा दहावा हिस्सा चर्चला द्यायचा नियम. तो धडा इथं शिकवताना मुलांचा आवाज बारीक होतो. माझ्या कानांनी ऐकला आहे.

माझ्याकडे ही मुलं पहिल्यांदा आली तेव्हा ऑगस्ट होता. टोकियोतला ऑगस्ट म्हणजे मुंबईतल्या मे महिन्याला गुंडाळून ठेवील असा. मी म्हटलं, आत या, पंखा आहे. दोघं एकमेकांकडे बघू लागले. घरात आणखी कोण आहे, असं एकानं विचारलं. मी एकटीच होते. मग नाही येता येणार, म्हणाला. बाई एकटी असली तर आम्ही आत जात नाही. नियम उत्तम आहे. बदलू नका. पण सदरे पाठीला चिकटलेले, कानामागून घाम टपकतोय, अशा अवस्थेत परत पाठवायचं म्हणजे आमच्या घराण्याला बट्टा. चहा विचारला, तर चहा घेत नाही म्हणाले. कॉफी नाही, हिरवा चहाही नाही. हे व्रत तुमच्याकडे 1833 पासून चालत आलेलं आहे, हे मला मागाहून कळलं. मराठी बाईनं चहा विचारावा आणि पाहुण्यानं नाही म्हणावं, यावर आमच्याकडे उतारा नव्हता. शेवटी कोकम सरबत केलं. तांबडं काहीतरी ग्लासात पाहून धाकटा दिसणारा दचकला, यात दारू नाही ना, म्हणून त्यानं खात्री करून घेतली, आणि मग व्हरांड्यात उभ्याउभ्या दोघांनी दोन-दोन ग्लास रिचवले. तेवढ्या वेळात मी त्यांचं जपानी ऐकलं. अमेरिकन मुलगा आणि पुण्याची बाई, दोघांना इंग्रजी येत असताना जपानीत बोलत होतो. भाषेचा सराव सोडायचा नाही, असा त्यांनी निश्चय केला होता म्हणून.

तुमच्या मुलांच्या जपानीवर मला व्यावसायिक नजरेनं बोलता येईल, म्हणून बोलते. प्रायश्चित्त, पुनरुत्थान, करार, याजकपद हे शब्द ती न अडखळता म्हणतात. प्रार्थना करतात ती अगदी भारदस्त, शुद्ध भाषेत. चांगल्या चांगल्या जपानी पोरांना तशी जमणार नाही. आणि त्याच मुलाला भाजीवाल्याकडे मुळा अर्धा कापून मागता येत नाही. त्या उन्हाळ्यात एकाच्या पाठभर घामोळं आलं. औषधाच्या दुकानात त्याला ते सांगता येईना. दुकानदार बाई म्हणे, कुठं दुखतंय. हा म्हणे, दुखत नाही, पाठीवर खूप लहान लहान काहीतरी झालंय. तिला वाटलं किडे चावले. ती किड्यांची मलमं काढून मांडायला लागली. मी रांगेत मागेच होते. 'आसेमो' म्हणायचं, असं सांगितलं, तर त्यानं तो शब्द लगेच खिशातल्या वहीत टिपून घेतला, काना-मात्रेसकट. ही टिपून घेण्याची सवय मला फार आवडते. मिशनवरची चांगली मुलं तिसऱ्या-चौथ्या महिन्यात अशी व्हायला लागतात. पाठ केलेलं बोलायचं सोडून समोरच्याचं ऐकू लागतात. कुठल्या मजल्यावर कोण आजारी आहे, कुणाच्या दारातला ट्यूबलाइट गेलाय, पोस्टमनची वेळ काय, हे त्यांना कळायला लागतं. इथं माझी तक्रार सुरू होते, कारण नेमकं तेव्हाच बदल्यांची यादी लागते. दर सहा आठवड्यांनी ती लागते, आणि कुणी कुठल्या गावी कुणाबरोबर राहायचं ते तीत ठरतं.

आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर एक आजी राहतात. नाव लिहीत नाही. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. घरात त्यांचा फोटो आणि छोटं देव्हाऱ्यासारखं बुत्सुदान, त्यापुढे रोज भात आणि पाणी. तुमच्या चर्चमध्ये आठवड्यातून एकदा इंग्रजीचा मोफत वर्ग असतो, मुलंच शिकवतात, शेवटी थोडी प्रार्थना होते. आजी त्या वर्गाला जायला लागल्या ते इंग्रजी गाणी कळावीत म्हणून. तिथं एक सिस्टर, म्हणजे मिशनवरची मुलगी, त्यांना आवडली. युटाकडची असावी, हसली की डोळे मिटायची. ती आणि तिची जोडीदारीण आजींकडे येऊ लागल्या. आजी त्यांना जवाचा थंड चहा द्यायच्या, त्यात चहापत्ती नसते म्हणून तो चालतो. मग पहिला धडा झाला: 1820 साल, न्यूयॉर्क राज्यातलं खेडं, 14 वर्षांचा जोसेफ स्मिथ रानात गुडघे टेकून देवाला विचारतो की कुठलं चर्च खरं, पुढे सोन्याच्या पत्र्यांवरचं पुस्तक, 1830 मध्ये छापलेलं. आजींनी सगळं नीट ऐकलं. नंतर दुसरा धडा, मरणानंतर काय होतं त्याचा. त्यात त्यांना खरी गोडी वाटली. वारलेल्या पूर्वजांच्या वतीनं मंदिरात बाप्तिस्मा घेता येतो आणि कुटुंब पुढेही एकत्र राहतं, हे ऐकून त्या बराच वेळ गप्प बसल्या. शेवटी त्यांनी विचारलं, म्हणजे सासूबाईही असतील का? सिस्टरला हसू आवरेना. आजींना मात्र उत्तर हवं होतं. मला वाटतं, तुमच्या धर्मशास्त्रावर इतका नेमका प्रश्न सॉल्ट लेकमध्येही फारसा कुणी विचारला नसेल.

पुढच्या यादीत ती सिस्टर गेली. दुसऱ्या गावी. चर्चच्या नोंदींत आजींचं नाव होतं, कुठवर शिकवलं तेही होतं, पण नव्या जोडीनं ओळख व्हावी म्हणून पहिल्या धड्यापासून सुरुवात केली. 1820 साल, रान, गुडघे. आजींनी पुन्हा ऐकलं. त्या नव्या मुलीही छान होत्या, त्याही गेल्या. मग आणखी एक जोडी. जपानी म्हातारी माणसं किती सभ्य असतात याला मर्यादा नाही. दर वेळी आजी तो प्रसंग पहिल्यांदाच ऐकत असल्यासारख्या 'हो का!' म्हणतात. एकदा मी तिथं होते. नव्या मुलीला मधेच एक शब्द आठवेना, तर आजींनी अलगद तो सुचवला. मुलगी चकित झाली, तुम्हाला हे कसं माहीत? आजी म्हणाल्या, कुठंतरी ऐकलं असेल.

बाप्तिस्मा त्यांनी घेतला नाही. घेणार नाहीत. तुमच्या साप्ताहिक अहवालात नवे किती जण शिकताहेत, रविवारच्या सभेला किती आले, बाप्तिस्म्याची तारीख किती जणांनी दिली आणि किती जणांनी प्रत्यक्ष घेतला, हे रकाने असतात. आजी त्यांतल्या कुठल्याच रकान्यात धड बसत नाहीत. आणि जी बाई रकान्यात बसत नाही तिच्याकडे पुढची जोडी कमी येते, त्यापुढची त्याहून कमी. मुलांचा यात दोष नाही. 20 वर्षांच्या मुलाला दर आठवड्याला आकडे पाठवायला सांगितलं की तो आकडे आणील. 1960 च्या सुमारास ब्रिटनमध्ये बेसबॉल खेळायला बोलावून पोरांना बाप्तिस्मे दिले गेले. पुढे त्यातल्या कित्येकांना चर्च म्हणजे काय तेही आठवेना. 1980 च्या आगेमागे टोकियोतही झपाट्यानं बाप्तिस्मे झाले आणि झपाट्यानं माणसं गळाली, हे तुमच्याच इतिहासकारांनी लिहून ठेवलं आहे. जपानमध्ये कागदावर तुमचे सव्वा लाखाहून अधिक सभासद. रविवारी येणारे त्याच्या मानानं फार थोडे. जगभरचा हिशेब मोठा दिसतो: 2024 मध्ये 70,000 हून जास्त मिशनरी आणि 3 लाखांहून जास्त बाप्तिस्मे. भागाकार केला तर माणशी चार. निशी-कासाईत दोन वर्षं सायकल मारून एकही न मिळवता घरी परतणाऱ्या मुलाला हा भागाकार कुणी समजावून सांगत नाही. तो स्वतःच करतो, आणि स्वतःला नापास ठरवतो.

बदल्यांच्या बाजूनं काय म्हणाल ते मला साधारण कळतं. जोडीदाराशी पटत नसेल तर सहा आठवड्यांत सुटका होते. एकाच माणसात मुलं फार गुंतत नाहीत. नव्याला शिकवायला जुना हवा, म्हणून माणसं फिरवावी लागतात. दर वेळी सगळेच हलतात असंही नाही. बरेच जण एका भागात चार-सहा महिने काढतात. कुणाला कुठं पाठवायचं हे मिशनचे अध्यक्ष प्रार्थना करून ठरवतात, असंही मुलं श्रद्धेनं सांगतात. त्या श्रद्धेवर मी बोट ठेवणार नाही. पण सहा आठवड्यांचं वेळापत्रक माणसांनी आखलेलं आहे, ते माणसांना बदलता येतं. फोनचा नियम बदललात, 2018 च्या अखेरीस सिस्टरांना पँट घालायची मुभा दिलीत, तसंच.

तुम्ही वकील होता, युटाच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश होता, म्हणून साक्षीपुरावा तुमच्याच दप्तरातला देते. ऑगस्ट 1901 मध्ये हीबर ग्रँट तीन सोबत्यांना घेऊन योकोहामाला उतरले. जपानी येत नव्हतं. ग्रँट दोन वर्षांत परत गेले. त्यांच्याबरोबरचा अल्मा टेलर, वय 19, राहिला. 1910 पर्यंत राहिला. भाषा शिकला, मग तुमच्या पुस्तकाचं जपानी भाषांतर करायला बसला आणि कच्चा खर्डा जपानी जाणकारांकडून तपासून घेतला. त्यात इकुता चोको होते. नीत्शेचा 'झरथुष्ट्र' जपानीत आणणारे. भाषांतर 1909 मध्ये छापलं. भाषांतरकार म्हणून सांगते, असं काम आठ वर्षं एका देशात मुरल्याशिवाय होत नाही. 1924 मध्ये जपानचं मिशन बंद करायचा निर्णय झाला, तोही ग्रँट यांचाच. ते तेव्हा तुमच्या जागेवर होते. दारं पुन्हा उघडली ती 1948 मध्ये. त्या पहिल्या 23 वर्षांत तुमच्या लोकांनी जपानात जे काही टिकाऊ ठेवलं, त्यात त्या एका थांबलेल्या पोराचं पुस्तक सगळ्यांत वर आहे.

आमच्याकडचीही साक्ष आहे. तुमचा एक स्कॉटिश मिशनरी, ह्यू फिंडले, 1852 मध्ये मुंबईत आला आणि माझ्या पुण्यातही त्यानं छोटी शाखा काढली. काही वर्षांत सगळं आवरलं. पुण्यात आज कुणाला त्याचा पत्ता नाही. उलट फादर स्टीफन्स 1579 मध्ये गोव्यात उतरले आणि 1619 मध्ये तिथंच वारले. त्यांचं मराठी 'ख्रिस्तपुराण' 1616 चं, आणि धर्म कुठलाही असो, मराठी शिकणारा विद्यार्थी त्याच्यापर्यंत येतोच. अमेरिकन मराठी मिशनचे जस्टिन ॲबट तर आम्हाला येशू सांगायला आले होते. मुंबईत कित्येक वर्षं काढून अमेरिकेला परतले आणि म्हातारपणी तिथं बसून महिपती, एकनाथ, तुकाराम इंग्रजीत आणत राहिले. त्यांच्या मिशनच्या आकड्यांत हे कुठं धरलं असेल, देव जाणे.

तुमच्या घरातलं उदाहरण हवं असेल तर केंट गिल्बर्ट. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला मिशनरी म्हणून जपानात आले आणि पुढे इथल्या टीव्हीवर इतके गाजले की आमच्या खालच्या आजींनाही ठाऊक आहेत. तैवानमध्ये मिशन करून आलेले जॉन हंट्समन पुढे चीनमध्ये अमेरिकेचे राजदूत झाले. परकी भाषा घरच्यासारखी बोलणारी एवढी तरुण मुलं अमेरिकेत दुसरी कुठली संस्था तयार करत असेल असं मला वाटत नाही. आणि तीच संस्था त्या मुलांना सांगते की भाषा हे साधन, शेजार हे साधन, माणूस नाही म्हणाला की पुढचं दार.

एक मुलगा मधेच घरी गेला. झोप लागेनाशी झाली होती, जेवण सुटलं होतं. आजारपणच ते. त्याच्या जोडीदारानं सांगितलं की घरी त्याचं काय होईल याची त्याला जास्त भीती वाटत होती. तुमच्या गावांतून मुदतीआधी परतलेल्याकडे लोक कसे बघतात हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत. या मुलानं जायच्या आदल्या आठवड्यात आजींच्या स्वयंपाकघरातला गळका नळ बसवून दिला होता. त्याची नोंद कुठं झाली असेल असं वाटत नाही, म्हणून इथं करते.

तर माझं मागणं असं. तुम्ही 2002 ते 2004 फिलिपिन्समध्ये राहिलात, सलग, एका जागी. तुम्हाला कुणी दर सहा आठवड्यांनी सामान बांधायची तयारी ठेवायला सांगितलं नाही, आणि ते बरंच झालं. तुम्हाला तिथली माणसं कळली असतील. तसंच या मुलांना एका गावात निदान एक वर्ष राहू द्या. सगळ्या जगात नको. जपानमधल्या एका मिशनमध्ये करून बघा. जोडीदार बदला हवे तितके, गाव बदलू नका. अहवालात एक रकाना वाढवा: बाप्तिस्मा घेणार नाही असं सांगितलेल्या किती जणांकडे या महिन्यात गेलात.

एक वर्षही जड वाटत असेल तर निदान बदली तरी इथल्या रीतीनं करा. जपानी बँका आणि कंपन्या दर तीन-चार वर्षांनी माणसं हलवतातच, एप्रिलमध्ये तर अर्ध्या देशाचं सामान ट्रकवर असतं. पण जाणारा माणूस येणाऱ्याला बरोबर घेऊन प्रत्येक गिऱ्हाइकाकडे जातो. दोघं वाकतात. जाणारा सांगतो, आतापर्यंत सांभाळून घेतलंत, आता यांना घ्या. या बाईंना अमुक आवडतं, यांच्याकडे दुपारी येऊ नका, यांचं हे झालंय, ते पुन्हा सांगू नका. निरोपाच्या या फेरीसाठी कंपन्या वेळ मोकळा ठेवतात. तुमची यादी लागते आणि दोन-तीन दिवसांत मुलं आगगाडीत असतात. त्यांना चार दिवस जास्त द्या आणि नव्या जोडीला घेऊन वसाहतीत एकदा फिरून येऊ द्या. खालच्या मजल्यावर ती गेली की जुन्या सिस्टरनं नवीला दाराबाहेरच सांगायचं की पहिला धडा नको, आजींचा सासूबाईंबद्दलचा प्रश्न अजून तसाच आहे, तिथून सुरुवात कर.

आपली,
निशी-कासाईतली एक मराठी शेजारीण